'कमी होणे'साठी इंग्रजीत नेमका कुठला शब्द? डिक्रीस, रिड्यूस, सबसाइड, ड्विंडल वगैरे

निळी_शाई

मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून एकदाचं लिहून काढते. मी मराठीतून इंग्रजीत भाषांतरं करते, जास्त करून अहवाल आणि माहितीपत्रकं. मागे एका पुरावरच्या अहवालाचं काम आलं होतं. मूळ मजकूर नीट होता पण लिहिणाऱ्याने सगळीकडे एकच क्रियापद वापरलेलं, पाण्याची पातळी कमी झाली, पावसाचा जोर कमी झाला, छावणीतली गर्दी कमी झाली, औषधांचा साठा कमी झाला, तापाचे रुग्ण कमी झाले, लोकांची भीती कमी झाली. मीही त्याच्या मागोमाग सगळीकडे डिक्रीस्ड लिहीत गेले. तपासणाऱ्या बाईंनी चार पानांत अकरा ठिकाणी गोल करून परत पाठवलं आणि समासात एकच ओळ लिहिली, 'हे सगळं एकाच तऱ्हेने कमी झालं का?'

त्या ओळीने मी खरंच थांबले. आधी समानार्थी शब्दांचा कोश उघडला, तिथे तीस-चाळीस शब्द एका ओळीत बसलेले, त्यातला कुठला कुठे घालायचा ते काही कळेना. मग कोश मिटला आणि इंग्रजी बाजूला ठेवून मराठीतच विचार केला, की घरी बोलताना मी हे कसं म्हणाले असते? पाणी ओसरलं. पाऊस मंदावला. गर्दी पांगली. साठा सरत आला. रुग्ण घटले. भीती निवळली. सहा वाक्यांना सहा क्रियापदं, आणि ती सुचायला मला एक मिनिटही लागलं नाही! आणि ती कागदावर आल्याबरोबर इंग्रजी शब्द आपसूक समोर आले, पाणी रिसीड झालं, पाऊस ईझ ऑफ झाला, गर्दी थिन आउट झाली, साठा ड्विंडल झाला, केसेस फॉल झाल्या. भीतीचं मात्र तेव्हाही अडलं होतं, ते शेवटी सांगते.

तर माझं म्हणणं असं आहे की आपल्याला इंग्रजी शब्द कमी पडतात असं नाहीये, आपण मराठी क्रियापद टाकून देऊन आधीच 'कमी'वर येऊन बसतो आणि मग त्या एका 'कमी'चं भाषांतर शोधत राहतो. ओसरणे, उतरणे, आटणे, सरणे, विरणे, झिजणे, रोडावणे, मंदावणे, मावळणे, शमणे, निवळणे, आखडणे, खालावणे, घसरणे, खंगणे, या प्रत्येकात काय कमी होतंय आणि कसं कमी होतंय ते आधीच सांगितलेलं असतं. तुमचे अनुभव लिहा. कुठल्या शब्दाला अडता तेही लिहा.

रानवारा

छान विषय काढलात. माझी अडचण अगदी साधी आहे पण कुणी नीट सांगितली नाही आजवर. मी ऑफिसच्या मेलमध्ये नेहमी 'द लोड हॅज रिड्यूस्ड', 'द एरर्स हॅव रिड्यूस्ड' असं लिहितो. परवा परदेशातल्या एका सहकारी बाईंनी विचारलं की कोणी रिड्यूस केले? मी म्हटलं कोणी नाही, आपोआप झाले. त्या म्हणाल्या मग रिड्यूस का लिहिलंस? यात चूक काय आहे ते मला आजही कळलेलं नाही.

वाटाड्या

रानवारा, तुमच्या सहकारी बाईंचा प्रश्न बरोबर आहे आणि त्याचं उत्तरही मराठीतच आहे. मी बरीच वर्षं इंग्रजी शिकवतोय आणि ही चूक वर्गात दर वर्षी भेटते.

मराठीत 'कमी होणे' आणि 'कमी करणे' ही दोन वेगळी क्रियापदं आहेत, कर्ता कोण ते लगेच कळतं. इंग्रजीत ही वाटणी शब्दाशब्दात लपलेली असते. रिड्यूस हे मुळात करणे गटातलं, म्हणजे कोणीतरी काहीतरी रिड्यूस करतं. आम्ही लोड रिड्यूस केला, किंवा लोड हॅज बीन रिड्यूस्ड. नुसतं 'लोड रिड्यूस्ड' म्हटलं की वाचणारा पुढच्या शब्दाची वाट बघतो, लोडने काय रिड्यूस केलं म्हणून. फॉल, ड्रॉप, डिक्लाइन, गो डाउन, ड्विंडल, सबसाइड, वेन, एब हे होणे गटातले, यांना कर्म लागत नाही. लोअर, कट, कर्टेल, मिटिगेट, अलिव्हिएट हे करणे गटातले. ड्रॉपचं थोडं वेगळं आहे, हातातली वस्तू आपण ड्रॉप करतो पण एखादा आकडा ड्रॉप होतो. डिक्रीस, डिमिनिश, लेसन आणि श्रिंक दोन्हीकडे चालतात, म्हणून शंका असेल तिथे डिक्रीस लिहिलं की व्याकरणात अडकत नाही. मात्र मग शाईताईंसारखे अकरा गोल मिळू शकतात.

आता प्रामाणिकपणे सांगतो, रिड्यूस कर्माशिवाय अजिबात चालत नाही असं नाही. उकळून आटत जाणाऱ्या द्रवाला रिड्यूस होतो असं सरळ म्हणतात, जुन्या अमेरिकन बोलण्यात वजन उतरवण्यालाही नुसतं रिड्यूसिंग म्हणायचे, आणि आपल्याकडे तर 'पेन हॅज रिड्यूस्ड' इतकं रुळलंय की ऐकताना कोणी अडत नाही. त्यामुळे बोलताना मी कोणाला टोकत नाही. पण लेखी मजकूर बाहेरच्या वाचकासाठी असेल तर सरळ 'द एरर्स हॅव गॉन डाउन' लिहा, किंवा कोणी केलं ते सांगून टाका.

रिड्यूसच्या मुळात जायला मला फार आवडतं. लॅटिन रे म्हणजे परत आणि दूकेरे म्हणजे नेणे, परत नेणे. कमी करणे हा अर्थ नंतर चिकटला. हे लक्षात ठेवलं की कितीतरी गोष्टी उलगडतात. गणितात आपण अपूर्णांक रिड्यूस करतो, दोन चतुर्थांशाचं एक द्वितीयांश करतो, किंमत तसूभरही कमी होत नाही, फक्त साध्या रूपाकडे परत नेतो. म्हणून मराठी पुस्तकात त्याला संक्षिप्त रूप म्हणतात, आणि ते अगदी चपखल आहे. रसायनात धातुकापासून धातू परत मिळवणं म्हणजे रिडक्शन. पुढे त्याची व्याख्या इलेक्ट्रॉन मिळवणे अशी झाली आणि मराठीत शब्द आला क्षपण, जो क्षयाच्या घरातला आहे. मग मुलं विचारतात, सर, इलेक्ट्रॉन मिळाला तर क्षय कसला? ऑक्सिडीकरण अंक खाली येतो म्हणून, असं सांगून मी सोडवतो, पण मूळ भानगड ही 'परत नेण्या'ची आहे. रिड्यूस्ड टू अॅशेस, रिड्यूस्ड टू टीअर्स यातही तेच, एका अवस्थेतून दुसऱ्या, बहुधा खालच्या, अवस्थेत नेऊन सोडणं.

सांजवेळ

वाटाड्या सर, 'परत नेणे' वाचून एकदम एक प्रसंग आठवला. मी नर्स आहे. एका आजोबांचा खांदा निखळला होता, डॉक्टर आपसात म्हणाले वी विल रिड्यूस इट नाऊ. बाहेर त्यांच्या मुलाने मला गाठलं, चेहरा पांढराफटक, म्हणाला सिस्टर, खांदा कमी करणार म्हणजे कापणार का? मी त्याला बाजूला बसवलं, स्वतःच्या खांद्यावर हात ठेवून दाखवलं की हाड खोबणीतून बाहेर आलंय ते परत जागेवर बसवणार, बस्स एवढंच. आपल्याकडे किती सुंदर शब्द आहे, हाड बसवणे! मोडलेलं हाड नीट जुळवण्यालाही रिडक्शनच म्हणतात. तेव्हापासून नातेवाइकांसमोर तो शब्द कोणी उच्चारला की मी लगेच मराठीत सांगून टाकते.

आमच्या नोंदींमध्ये 'कमी' फार येतं आणि तिथे चुकीचा शब्द पडला तर नुसती भाषेची चूक राहत नाही. सूज आणि ताप सबसाइड होतात, आपण म्हणतो तसे उतरतात. सबसाइड म्हणजे वर आलेलं खाली बसणं, म्हणून जमीन खचते त्यालाही सबसाइड आणि सबसिडन्स म्हणतात. हिरड्या आणि कपाळावरचे केस रिसीड होतात, म्हणजे मागे सरतात. दुखणं ईझ होतं, औषधाने रिलीव्ह होतं.

आणि वेअर ऑफ! याच्यावर तर मी नवीन मुलींना नेहमी सांगते. वेअर ऑफ म्हणजे अंमल उतरणे. 'द अॅनेस्थेशिया इज वेअरिंग ऑफ' म्हणजे भूल उतरतेय, म्हणजे आता दुखायला लागेल, तयारीत राहा. एकीने 'पेन रिलीफ इज वेअरिंग ऑफ' वाचलं आणि रिलीफ आहे म्हणजे बरं वाटतंय असं समजली. अर्थ बरोबर उलटा होता, आराम ओसरत होता. पेशंट कळवळत होता तेव्हा लक्षात आलं. आपल्याकडे अंमल उतरतो आणि तापही उतरतो, म्हणून उतरणे या एका क्रियापदाला इंग्रजीत दोन वाटा आहेत हे ध्यानात ठेवावं लागतं.

टेपर हाही आमच्याकडचा रोजचा. स्टेरॉइडची गोळी बरेच दिवस चालू असेल तर एकदम बंद करत नाहीत, कारण बाहेरून मिळतंय म्हणून शरीराने स्वतःचं कॉर्टिसॉल बनवणं मंद केलेलं असतं, त्याला परत सुरू व्हायला वेळ द्यावा लागतो. म्हणून डोस पायरीपायरीने उतरवत नेतात. कागदावर 'टेपर' लिहिलेलं असताना कोणी 'स्टॉप' समजलं तर फार महागात पडतं.

अजून एक, अटेन्युएटेड. लसीच्या माहितीत येतो, लाइव्ह अटेन्युएटेड. यात जंतूंची संख्या कमी केलेली नसते, त्यांचा जोर मारलेला असतो, जंतू जिवंत पण निर्बळ. बीसीजीचा, म्हणजे क्षयाच्या लसीचा, जंतू काल्मेट आणि गेराँ यांनी १९०८ ते १९२१ अशी १३ वर्षं प्रयोगशाळेत पुन्हा पुन्हा, सुमारे २३० वेळा, वाढवून वाढवून असा निर्बळ केला. तिथे रिड्यूस्ड किंवा डिक्रीस्ड म्हटलं तर अर्थच निघून जातो.

आकडेमोड

सांजवेळ ताई, टेपरचं वाचून राहवलं नाही. टेपर म्हणजे मुळात बारीक मेणबत्ती, टोकाकडे निमुळती होत जाणारी, त्या आकारावरून क्रियापद आलं. त्यामुळे टेपरमध्ये हळूहळू आणि टोकाकडे निमुळतं या दोन्ही गोष्टी येतात.

२०१३ साली हा शब्द सगळ्या जगाच्या बाजारांत गाजला. अमेरिकेची मध्यवर्ती बँक फेडरल रिझर्व्ह तेव्हा दर महिन्याला ८५ अब्ज डॉलरचे रोखे विकत घेत होती. मे महिन्यात अध्यक्ष बेन बर्नान्की यांनी सूचित केलं की ही खरेदी पुढे टेपर होऊ शकते, आणि बाजार गडगडले, त्याला टेपर टँट्रम असं नाव पडलं. प्रत्यक्षात फेड काही विकणार नव्हती, खरेदी थांबवतही नव्हती, फक्त खरेदीचा वेग उतरवणार होती, आणि तीही डिसेंबरमध्ये जाहीर करून जानेवारी २०१४ पासून ८५ चे ७५ केले. म्हणजे साठा वाढतच होता, वाढण्याचा वेग कमी होत होता. हा फरक ज्याला कळला त्याला पुढचं सगळं कळतं.

मी आकड्यांचंच काम करतो आणि माझा सगळ्यात मोठा आक्षेप 'महागाई कमी झाली' या वाक्याला आहे. समजा एखाद्या वस्तूचे १०० होते, ८ टक्के वाढून १०८ झाले, पुढच्या वर्षी ५ टक्के वाढून ११३.४० झाले. महागाईचा दर ८ वरून ५ वर आला, बातमीत येणार महागाई कमी झाली, आणि वाचणारा माणूस म्हणणार मला तर जास्तच मोजावे लागतायत! त्याचं म्हणणं खरं आहे. इंग्रजीत याला डिसइन्फ्लेशन म्हणतात, इन्फ्लेशन ईझ्ड किंवा स्लोड असं लिहितात. भावच खाली आले तर ते डिफ्लेशन. मराठीत सुद्धा 'महागाईचा वेग मंदावला' असं लिहिलं तर कोणाची फसगत होणार नाही, चार अक्षरं जास्त पडतील एवढंच.

दुसरी जागा म्हणजे बाय आणि टू. रिड्यूस्ड बाय ३० म्हणजे तीसने कमी, रिड्यूस्ड टू ३० म्हणजे तीसवर आणलं. मराठीत 'ने' आणि 'वर' हे प्रत्यय हेच काम करतात, तरी घाईत 'तीस टक्के कमी' एवढंच लिहून मोकळे होतात आणि भाषांतर करणारा अंदाज बांधतो. टक्क्यांत तर अजून गुंता. दर १० टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आला तर तो २ पर्सेंटेज पॉइंटने उतरला, आणि टक्क्यात सांगायचं तर २० टक्क्यांनी. दोन्ही बरोबर, पण 'पॉइंट' गाळून २ टक्के लिहिलं की चूक. आणि २० टक्के घटवून परत २० टक्के वाढवलं की मूळ जागी येतो असं समजणारे भरपूर भेटतात, शंभराचे ऐंशी होतात आणि ऐंशीचे शहाण्णव, चार कुठे गेले ते शोधत बसतात.

'थ्री टाइम्स लेस' असं तर लिहूच नका. तिप्पट कमी म्हणजे किती ते मराठीतही सांगता येत नाही. एक तृतीयांश म्हणा, वन थर्ड अॅज मच.

केतकी_पान

लेसवरून विचारते. लेस आणि फ्युअरचा नियम शाळेत घोकलाय, मोजता येतं तिथे फ्युअर, मोजता येत नाही तिथे लेस. मग 'लेस दॅन फाइव्ह किलोमीटर्स' का बरोबर? किलोमीटर तर मोजतोच की आपण.

वाटाड्या

केतकी, किलोमीटर मोजतो पण पाच सुट्या वस्तू म्हणून बघत नाही, सगळं मिळून एक अंतर असतं. पैसे, वेळ, वय, वजन यांचंही तसंच, म्हणून लेस दॅन टेन मिनिट्स. सुटी सुटी माणसं, पुस्तकं, चुका असल्या की फ्युअर.

आणि हा नियम तुम्हाला वाटतो तितका पुराणा नाही. मोजण्याजोग्या गोष्टींसाठी लेस वापरणं इंग्रजीत पार इंग्लंडच्या राजा आल्फ्रेडच्या काळापासून, म्हणजे अकराशे वर्षांपासून सापडतं. १७७० मध्ये रॉबर्ट बेकर नावाच्या गृहस्थाने लिहिलं की संख्येबद्दल बोलताना लेसपेक्षा फ्युअर बरं वाटेल. त्याने फक्त स्वतःची आवड सांगितली होती, पुढच्यांनी तिचा कायदा केला. परीक्षेत आणि कामाच्या लेखनात पाळा, कारण वाचणारे पाळतात, पण बोलताना कोणी 'लेस पीपल' म्हटलं तर त्याला अडाणी समजू नका.

लिहिताना आठवलं, लेसन हे क्रियापद आणि धडा या अर्थाचा लेसन यांचा उच्चार एकच. श्रुतलेखनात मुलं हमखास गोंधळतात. वेन, म्हणजे चंद्र क्षीण होणे, आणि शीर या अर्थाचा वेन यांचा इंग्रजी उच्चार वेगळा, पण देवनागरीत दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून तिथेही गोंधळ होतो.

दवबिंदू

मी पर्यावरण विषयात शिकतेय आणि आमच्याकडे तर या शब्दांवरून देशादेशांत भांडणं होतात, म्हणजे खरोखर होतात. २०२१ ची ग्लासगोची हवामान परिषद आठवत असेल. मसुद्यात कोळशाच्या विजेबद्दल फेज आउट होतं. शेवटच्या घटकेला भारताने बदल सुचवला आणि ते फेज डाउन झालं. अध्यक्षस्थानी असलेले आलोक शर्मा यांनी सगळ्यांसमोर दिलगिरी व्यक्त केली, बोलताना त्यांचा गळा दाटून आला होता. फरक एका छोट्या शब्दाचा, आउट म्हणजे शून्यावर नेऊन बंद करणं, डाउन म्हणजे टप्प्याटप्प्याने खाली आणणं, शून्याची कबुली नाही. मराठी बातम्यांत दोन्हीसाठी 'टप्प्याटप्प्याने कमी करणे' वाचलं तेव्हा मला फार वाईट वाटलं कारण भांडण कशावरून झालं तेच त्यात दिसत नव्हतं. 'टप्प्याटप्प्याने बंद' आणि 'टप्प्याटप्प्याने कपात' एवढा भेद केला असता तरी पुरे होतं.

हा भेद तिथे पहिल्यांदा आला असंही नाही. ओझोनसाठी १९८७ चा माँट्रियल करार झाला, त्यात आणि त्याच्या पुढच्या दुरुस्त्यांत सीएफसी, म्हणजे ओझोन थर विरळ करणारे वायू, फेज आउट करायचं ठरलं आणि ते झालेही. त्यांच्या जागी आलेल्या एचएफसींसाठी २०१६ मध्ये किगालीत दुरुस्ती झाली, तिथे फेज डाउन आहे.

अजून एक गंमत त्याच ग्लासगोच्या वाक्यात आहे, तिथे 'अनअबेटेड कोल पॉवर' असं आहे. अबेट म्हणजे जोर ओसरणे, वादळ अबेट होतं, 'द स्टॉर्म कंटिन्यूड अनअबेटेड' म्हणजे वादळाचा जोर जराही ओसरला नाही. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा 'न ओसरलेला कोळसा' म्हणजे काय ते कळेना. या क्षेत्रात त्याचा अर्थ असा की ज्या कोळशाचा कार्बन वायू पकडून साठवायची सोय नाही असा. म्हणजे एका वाक्यात कमी होण्याचे दोन शब्द आणि दोन्हीत पळवाटा.

मिटिगेशनही आमच्याकडे ठरलेल्या अर्थाने येतं, मूळ कारण म्हणजे उत्सर्जन कमी करणं. होणाऱ्या परिणामांशी जुळवून घेणं ते अॅडॅप्टेशन. आपत्ती व्यवस्थापनाचे लोक मात्र मिटिगेशन म्हणजे नुकसानीची धार बोथट करणं असं धरतात. एकाच बैठकीत दोन्हीकडचे लोक बसले की गोंधळ ठरलेला.

तिसरा_खांब

मिटिगेट निघालाच आहे म्हणून. लॅटिन मिटिस म्हणजे मऊ, सौम्य. कोर्टात मिटिगेटिंग सर्कमस्टन्सेस म्हणजे अशी परिस्थिती जिच्यामुळे शिक्षा सौम्य व्हावी, गुन्हा नाहीसा होत नाही. 'मिटिगेट अगेन्स्ट' असं लिहिलेलं मी वकिलांच्या कागदांतही बघितलंय, ते चूक आहे, तिथे मिलिटेट अगेन्स्ट हवं, म्हणजे विरोधात जाणे. ध्वनी जवळचा, अर्थाचा काही संबंध नाही.

शिक्षा कमी होण्याचेही दोन वेगळे प्रकार आहेत आणि लोक ते एकच समजतात. रेमिशनमध्ये शिक्षेचा प्रकार तोच राहतो, मुदत घटते. कम्युटेशनमध्ये प्रकारच बदलून हलका होतो, उदाहरणार्थ फाशीऐवजी जन्मठेप. दोन्हीला 'शिक्षा कमी केली' म्हटलं तर कायद्याच्या दृष्टीने काही कळत नाही. 'शिक्षेत सूट' आणि 'शिक्षा बदलून सौम्य केली' असं म्हणावं.

आणि दवबिंदू, अबेटबद्दल एक सावधगिरी. देवनागरीत अबेट लिहिलं की दोन शब्द एकात मिसळतात. एक लेटशी यमक जुळणारा, ओसरणे. दुसरा सेटशी यमक जुळणारा, गुन्ह्याला चिथावणी किंवा मदत देणे. आमच्याकडे दोन्ही येतात, पक्षकार वारला आणि वारस वेळेत रेकॉर्डवर आले नाहीत तर दावा अबेट होतो, म्हणजे तिथेच मावळतो, आणि दुसरीकडे गुन्ह्याचं अबेटमेंट असतं. एकदा एका टंकलेखनात यांची अदलाबदल झालेली मी पकडली होती, नशिबाने सही व्हायच्या आधी.

रानवारा

किती शिकायला मिळतंय. डिमिनिशबद्दल कोणीच बोललं नाही अजून. आणि डिक्लाइनही, मी आमंत्रण डिक्लाइन करतो आणि विक्रीही डिक्लाइन होते, हे कसं?

वाटाड्या

डिक्लाइन म्हणजे मुळात कलणे, झुकणे. विक्रीचा उतार लागतो तेव्हा ती खाली कलते, आणि आमंत्रण नाकारताना आपण त्यापासून दुसरीकडे कलतो. डिक्लाइनला काळाचा पैलू आहे, हळूहळू उतरणीला लागणं, प्रकृती खालावणं, साम्राज्याचा ऱ्हास. एका दिवसात आकडा कोसळला तर त्याला डिक्लाइन म्हणणं मिळमिळीत वाटतं, तिथे प्लंज किंवा प्लमेट.

डिमिनिशमध्ये लॅटिन मिनुएरे आहे, लहान करणे. मायनस, मायनर, मिनिमम हे सगळे त्याच घरातले, आणि आपलं मिनिटही! तासाचा 'पार्स मिनुटा प्रिमा', पहिला बारीक भाग, ते मिनिट, आणि 'सेकुंडा', दुसऱ्यांदा बारीक केलेला, तो सेकंद. म्हणून डिमिनिशमध्ये लहान होण्याची छटा आहे, नुसता आकडा उतरण्याची नाही. प्रतिष्ठा, महत्त्व, अधिकार डिमिनिश होतात. अर्थशास्त्रात घटत्या सीमान्त उपयोगितेचा सिद्धांत आहे तिथे हाच शब्द. तापमान डिमिनिश झालं असं मात्र कोणी म्हणत नाही, ते ड्रॉप किंवा फॉल.

ड्विंडलला मी रोडावणे म्हणतो. नदी रोडावते, वर्गातली हजेरी रोडावते, शेवटी नाहीसं होण्याकडे तोंड असतं. वेन चंद्राचा, लोकप्रियता आणि प्रभाव वेन होतात. एब ओहोटीचा, म्हणून एबला पुन्हा भरती येण्याची आशा असते, शक्ती एब झाली तरी परत येऊ शकते. ड्विंडलला तशी आशा फारशी नाही. डिक्रीसचं मूळ क्रेस्केरे, वाढणे, त्याला डे लागून वाढ उलटी झाली. चंद्रकोरीचा क्रेसेंट त्यातलाच, म्हणजे मुळात वाढती कोर. आता मावळत्या कोरीलाही वेनिंग क्रेसेंट म्हणतात, शब्दाकडे बघाल तर 'घटती वाढती', पण कोणाच्या लक्षातही येत नाही.

केतकी_पान

मिनिटाचं पहिल्यांदाच कळलं! आणि डेसिमेट? दहावर आणणे की दहा टक्के घालवणे?

वाटाड्या

रोमन सैन्यात बंड केलेल्या तुकडीत चिठ्ठ्या टाकून दहातल्या एकाला मारायचे, ती शिक्षा. म्हणजे मुळात दहातला एक गेला, नऊ उरले. आज मात्र बहुतेक सगळं उद्ध्वस्त झालं अशाच अर्थाने वापरतात आणि तो अर्थ आता पक्का झालाय. आकडा सांगताना हा शब्द टाळलेला बरा.

निळी_शाई

सगळ्यांचे मनापासून आभार, विशेषतः सांजवेळ ताईंचं खांद्याचं उदाहरण मी आता कायम लक्षात ठेवणार. माझ्या भीतीचं सांगायचं राहिलं होतं.

मूळ वाक्य असं होतं, 'पाणी गेल्यावर आठ-दहा दिवसांनी लोकांची भीती कमी झाली, तरी रात्री पावसाचा आवाज आला की लोक उठून बसत.' मी आधी सबसाइडेड लिहिलं. मग सबसाइड म्हणजे खाली बसणं, हे खुपायला लागलं, कारण भीती बसलेली नव्हती, पाऊस वाजला की उठत होती. डिमिनिश्ड लिहून बघितलं तर एकदम कागदी झालं. निवळणे माझं मीच लिहिलं होतं पण नीट बघितलं तर निवळण्यात गढूळ पाणी स्वच्छ होतं, तळाशी गाळ राहतो पण पाणी नितळ दिसतं, आणि या लोकांचं काही नितळ झालेलं नव्हतं. म्हणजे मराठी क्रियापदच माझं चुकलं होतं! सैल होणे, हा शब्द सुचायला मला दोन दिवस लागले. भीतीची मूठ सैल झाली, सुटली नाही. मग ईझ्ड लिहिलं, 'द फिअर हॅड ईझ्ड', आणि ते बाईंनी ठेवलं.

दुसऱ्या वेळी गोल फक्त एक आला. 'दोन गावांतलं अंतर नव्या पुलामुळे कमी झालं' इथे मी द डिस्टन्स श्रँक लिहिलं होतं. बाईंनी लिहिलं, गावं सरकली का? वाट शॉर्टन झाली असं करा. केलं. पण त्याच अहवालात पुढे 'प्रशासन आणि लोकांतलं अंतर कमी झालं' असंही आहे, तिथे शॉर्टन चालत नाही, मी नॅरोड लिहून ठेवलंय, दरी अरुंद होते या हिशोबाने. कोणाला याहून बरा सुचत असेल तर शुक्रवारच्या आत सांगा, शुक्रवारी काम द्यायचंय.

तिसरा_खांब

नॅरोड ठीक आहे, पण त्याच्याबरोबर अंतरासाठी डिस्टन्स ठेवू नका, गॅप करा. द गॅप नॅरोड. डिस्टन्स नॅरोड कानाला खटकतं. आणि दरी पूर्ण मिटली असं मूळात नसेल तर क्लोज्ड लिहू नका.

निळी_शाई

मूळात मिटली असं नाहीये. गॅप केलं. धन्यवाद.